गहू सोडला, पण हिंगाचं काय?

ताई, सिलिअ‍ॅकमुळे (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होते, तो आजार) गहू-मैदा बंद करून ८ महिने झाले तरी हिमोग्लोबिन ९ च्या वर सरकत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि सिलिअ‍ॅकमध्ये नेमका तोच भाग खराब होतो. मोठ्या माणसांत तो भरून यायला वर्ष-दोन वर्षंही लागतात.

पण आधी घरातला चोरटा गहू शोधा. आमच्याकडे तो हिंगात सापडला! डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, गव्हाचं पीठ. मेतकुटात गहू, थालिपिठाच्या भाजणीतही बऱ्याचदा गहू. आणि गिरणी! आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू झाले की त्याच जात्यात आपली ज्वारी. म्हणजे भाकरी खाऊनही पोटात गहू जातोच. शेवटी मी घरघंटी घेतली. तिच्यात गहू घालायचा नाही म्हणजे नाही. सासूबाई आधी कुरकुरल्या, आता त्याच पहारा देतात.

टीटीजी (सिलिअ‍ॅकसाठीची रक्ततपासणी) पुन्हा करून घ्या. सोबत ड जीवनसत्त्व, बी१२, थायरॉइड, हाडांची घनता यांचंही डॉक्टरांना विचारा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर आतडं सुधारल्यावर डोस बदलावा लागू शकतो.

मुलांचीही टीटीजी करा, पण त्याआधी त्यांच्या पोळ्या बंद करू नका. गहू पोटात नसेल तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. माझ्या भाच्याच्या बाबतीत हा घोळ झालाय.