गॅस्ट्रोपॅरेसिस (जठर सुस्त पडून अन्न पुढे न सरकणं): मधुमेहाचा आहारतक्ता चालू ठेवावा का?

केळफूल
सासूबाई, वय ६४, मधुमेह १९ वर्षं, जेवणाआधी इन्सुलिन. दुपारी एकला खाल्लेले वाल रात्री नऊच्या उलटीत अख्खे पडले. चार घासांत पोट भरतं. एंडोस्कोपीत अडथळा नाही, पण रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न दिसलं. डॉक्टरांनी गॅस्ट्रोपॅरेसिस सांगून जठर हलवणारं डॉम्पेरिडोन दिलंय. तक्त्याप्रमाणे भाकरी, उसळ, कोशिंबीर, सकाळी भिजवलेल्या मेथ्या चालू आहेत. काय बदलू?

पोटोबा
तक्ताच बदला. एरवी मधुमेहात चोथा देतात तो अन्न सावकाश पचावं म्हणून. इथे ते मुळात पुढे सरकतच नाहीये. जठर अन्न घुसळून दोनेक मिलिमीटरचे कण करतं, मगच पुढे सोडतं. जठर हलवणारी व्हेगस नस अधू झाली की घुसळणं मंदावतं. ते काम आता मिक्सर आणि रवीने करायचं.

पाव वाटी तांदूळ, दोन चमचे पिवळी मूगडाळ, सहापट पाणी, कुकरच्या सहा शिट्ट्या, मग घोटून गुरगुट्या भात. चमचा तिरका केला की ओघळला पाहिजे. एका वेळी वाटीभर, दिवसातून ५-६ वेळा. दुधी, लाल भोपळा सालं-बिया काढून, शिजवून, गाळून. अंड्याचा पांढरा भाग, वाफवलेला मासा चालतो. तूप चमचाभरच, तळण बंद. पालेभाजी कितीही शिजवा, दोरे राहतातच. गवार, शेवगा, ओलं खोबरं, संत्र्याच्या फोडी, मेथ्या सगळं बाजूला. जेवल्यावर दोन तास आडवं व्हायचं नाही.

मंदाग्नी
गुरगुट्या भाताने साखर वाढेल, त्यामुळे हा बदल डॉक्टरांच्या कानावर घालूनच करा. खरी गोची इन्सुलिनच्या वेळेची आहे. जलद इन्सुलिनचा जोर तास-दीड तासात येतो, तेव्हा अन्न जठरातच असतं, साखर कोसळते. चार तासांनी अन्न पुढे जातं तेव्हा इन्सुलिन ओसरलेलं असतं, साखर ३०० वर. मग घरचे म्हणतात "आज काहीतरी गोड खाल्लं असणार" आणि डोस वाढतो. वाढलेली साखर जठराला आणखी सुस्त करते, ते वेगळंच.

आठवडाभर जेवणाआधी आणि नंतर १, २, ४ तासांची साखर लिहून ती वही दाखवा. काहींना डोस जेवणानंतर किंवा विभागून देतात. मनाने बदलू नका. साखर ७० च्या खाली गेली तर बिस्किट नको, ते जठरातच बसेल. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर अर्धा कप पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. गुंगी असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

रत्नाळं
डॉम्पेरिडोन १० मिलिग्रॅम, जेवणाआधी अर्धा तास, दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या वर नाही. आधी ईसीजी. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) सुरू झालं तर लगेच विचारा, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये लिव्होसल्पिराइड (हेही जठर हलवणारंच) आहे का तेही वाचा. ती वर्षानुवर्षं परस्पर घेतली जाते, मग हात थरथरतात, चाल मंदावते आणि पार्किन्सनचा संशय येतो. त्याच कामाचं मेटोक्लोप्रमाइड १२ आठवड्यांपुढे नको.

जठर मंद करणाऱ्या गोळ्याही शोधा: ट्रॅमाडॉल, मुरड्यावरचं डायसायक्लोमिन, पायांच्या आगीवरचं अमिट्रिप्टिलिन, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड.

जठर किती वेळात रिकामं होतं त्याचा स्कॅन झालाय का? अन्नात किरणोत्सारी टेक्नेशियम घालून खायला देतात (आपल्याकडे काही ठिकाणी इडलीतून) आणि ४ तास फोटो काढतात. चौथ्या तासाला जठरात १० टक्क्यांहून जास्त उरलं तर निदान पक्कं. दोन तासांत घरी पाठवत असतील तर हटून बसा.

केळफूल
स्कॅन राहिलाय. अमिट्रिप्टिलिन आहेच! आणि रोज रात्री इसबगोल. पुढच्या महिन्यात पित्ताशयाचं ऑपरेशन आहे.

पोटोबा
इसबगोल आजपासून बंद. ते जठरात फुगून चोथ्याचा गोळा होऊ शकतो. बद्धकोष्ठासाठी लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकोलबद्दल विचारा. अमिट्रिप्टिलिन मात्र एकदम तोडू नका, लिहून देणाऱ्यांनाच विचारा.

मंदाग्नी
ऑपरेशनचं भूलतज्ज्ञांना आजच कळवा, टेबलावर नाही. "रात्रीपासून उपाशी" म्हणजे यांचं पोट रिकामं असं नाही. भुलीत अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. एंडोस्कोपीचा रिपोर्ट सोबत न्या, अन्न दिसल्याची ओळ अधोरेखित करून.