पास्टरने स्कूल बोर्डावर बसावे काय?

उंबरठा (चर्चाप्रस्ताव)

अमेरिकेत एखाद्या चर्चचा पास्टर, म्हणजे धर्मोपदेशक, स्थानिक स्कूल बोर्डाच्या, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, निवडणुकीला उभा राहिला की, धर्म आणि शासन यांच्यातली भिंत कोसळल्याची ओरड एका बाजूने सुरू होते आणि श्रद्धावंतांना सार्वजनिक जीवनातून हुसकावले जात असल्याची तक्रार दुसऱ्या बाजूने. या गदारोळात बोर्डाचे काम काय, हे विचारायचे राहून जाते. बोर्ड अंदाजपत्रक मंजूर करते, शाळांचा कारभार पाहणारा सुपरिंटेंडेंट नेमते, शिक्षकांच्या करारांना मान्यता देते. सभांचा बराच वेळ बसचे मार्ग आणि गळकी छपरे यांतच जातो. अशा कामासाठी एखाद्याला केवळ त्याच्या पेशामुळे अपात्र मानणे मला अन्यायाचे वाटते.

टेनेसी राज्याच्या १७९६ च्या घटनेत धर्मोपदेशकांना विधिमंडळात बसण्याची मनाई होती. त्याच तरतुदीच्या आधारे चॅटनूगाचे बाप्टिस्ट पास्टर पॉल मॅकडॅनियल यांच्या घटना परिषदेच्या (राज्यघटनेत बदल सुचवणाऱ्या सभेच्या) उमेदवारीला हरकत घेतली गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १९७८ मध्ये ती मनाई घटनाबाह्य ठरली. निवडून आलेले धर्मोपदेशक पदाच्या शपथेशी कमी प्रामाणिक राहतील, या भीतीला अमेरिकेच्या अनुभवात पटण्याजोगा आधार सापडत नाही, असे मुख्य न्यायाधीश वॉरन बर्गर यांनी त्या निकालात नोंदवले. राफाएल वॉर्नॉक हे अटलांटातील एबनेझर बाप्टिस्ट चर्चचे पास्टर असतानाच २०२१ पासून अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, सेनेटमध्ये, आहेत. सेनेट चालते, मग स्कूल बोर्ड का चालू नये?

तिसरी घंटा

उंबरठा यांनी जो किल्ला सर केला, त्यावर कोणी पहाराच ठेवलेला नव्हता. पास्टरला उभे राहण्याचा हक्क आहे, हे मान्यच आहे. त्याला मत द्यावे काय, हा प्रश्न वेगळा आहे आणि सेनेटचा दाखला तिथे लागू पडत नाही, कारण सेनेटर एखाद्या ओळखीच्या घरातल्या मुलाविषयी निर्णय देत नाही.

अनेक डिस्ट्रिक्टांमध्ये (एका बोर्डाच्या अखत्यारीतल्या शाळांच्या क्षेत्रांमध्ये) विद्यार्थ्याला शाळेतून काढून टाकण्याचे प्रकरण बोर्डापुढे येते आणि त्याची सुनावणी बंद दाराआड होते. टेबलाच्या एका बाजूला मान खाली घातलेला मुलगा आणि त्याची आई, समोर मुख्याध्यापकांचा अहवाल. याच आईने महिनाभरापूर्वी चर्चच्या खोलीत बसून नवऱ्याच्या दारूविषयी पास्टरला विश्वासाने सांगितले असेल, तर त्या माणसाने ती माहिती वापरली तरी विश्वासघात होतो आणि मनाआड करायची म्हटली तरी ती जात नाही. त्याने सुनावणीतून बाहेर राहावे, हे उत्तर मोठ्या शहरात पुरेसे आहे. निम्मे गाव ज्याच्या प्रार्थनासभेला येते अशा पास्टरने कितीदा बाहेर राहायचे?

शिवाय अनेक चर्च रविवारच्या उपासनेसाठी शाळेचे सभागृह भाड्याने घेतात. त्या भाड्याचा दर बोर्डच ठरवते.

उंबरठा

भाड्याचा मुद्दा सोपा आहे: हितसंबंध जाहीर करावा, त्या ठरावावर मत देऊ नये. सुनावणीचा मुद्दा खरोखर अवघड आहे, पण तो पास्टरपुरता नाही. गावातली एकुलती एक बालरोगतज्ज्ञ बोर्डावर असेल, तर त्या घरातले तिला पास्टरपेक्षा जास्तच ठाऊक असते आणि तिच्या उमेदवारीवर कोणी भुवई उंचावत नाही.

आता मूळ भीतीकडे येतो, म्हणजे अभ्यासक्रमात धर्म घुसवण्याकडे. पेनसिल्वेनियातील डोव्हर येथे २००४ मध्ये बोर्डाने ठराव केला, की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीविषयी शंका घेणारे आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’चा (सजीवांमागे कोणा बुद्धिमान रचनाकाराचा हात आहे या मताचा) उल्लेख करणारे निवेदन वाचले जावे. पालक न्यायालयात गेले आणि २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी हे धोरण घटनाबाह्य ठरवले. डिस्ट्रिक्टला वकिलांच्या खर्चापोटी दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम मोजावी लागली. हे धोरण रेटण्यात आघाडीवर असलेले दोन सदस्य पास्टर नव्हते. उमेदवाराचा हेतू ताडायला त्याचा पेशा फारसा उपयोगी पडत नाही, असेच यातून दिसते.

पानगळ

डोव्हरचा पुढचा भाग राहिला. निकालाच्या आधीच, नोव्हेंबर २००५ च्या निवडणुकीत, उभ्या असलेल्या आठही जुन्या सदस्यांना मतदारांनी घरी बसवले. मात्र एवढी जाग एरवी दिसत नाही. स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मतदान फार कमी होते आणि जिथे मूठभर मतांनी जागा ठरते, तिथे दर आठवड्याला एकत्र जमणारा समुदाय पाठीशी असलेला उमेदवार आधीच पुढे असतो. चर्चसारख्या करमुक्त संस्थांनी उमेदवाराचा प्रचार करू नये, हा नियम १९५४ पासून कायद्यात आहे. चर्चवर तो क्वचितच बजावला गेला, हेही सर्वांना ठाऊक आहे.

तिसरी घंटा

पानगळ यांच्याशी सहमत. बालरोगतज्ज्ञाची तुलना मात्र मला पटली नाही. डॉक्टर तिच्या रुग्णांना ईश्वराच्या वतीने काही सांगत नाही. बोर्डाच्या सभेत नागरिकांना बोलण्यासाठी जी मोजकी मिनिटे मिळतात, त्यांत एखादी शिक्षिका उभी राहून समोरच्या सदस्याला सवयीने ‘पास्टर’ म्हणून संबोधते, तेव्हा ती आपल्या प्रतिनिधीशी बोलत आहे की आपल्या गुरूशी, हे तिलाही सांगता येणार नाही, आणि ग्रंथालयातून एखादे पुस्तक काढण्याच्या ठरावाला ती त्याच्या तोंडावर विरोध करील, याची मला खात्री वाटत नाही.

सभेच्या आरंभीच्या प्रार्थनेचेही तेच आहे. कॅलिफोर्नियातील चिनो व्हॅली बोर्डाची प्रार्थना अपील न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली; त्याआधी वर्षभर, टेक्सासच्या प्रकरणात, दुसऱ्या अपील न्यायालयाने अशीच प्रथा चालू ठेवू दिली होती. कायदा असा दुभंगलेला असताना, पारितोषिक घ्यायला आलेल्या मुलाने मान लववावी की ताठ उभे राहावे, हे ठरवण्याची वेळ त्या मुलावर येते.

उंबरठा

प्रार्थनेबाबत मी आपल्याच बाजूचा आहे, ती नसावी. पण चिनो व्हॅलीत बायबलमधली वचने सभेत ऐकवणारे बोर्डाचे सदस्यच होते आणि त्यासाठी कोणाला पास्टर असावे लागले नाही. उमेदवारांच्या जाहीर सभेत मी तीन प्रश्न विचारीन: आपल्या सभासदाच्या मुलाची सुनावणी आली तर काय कराल, चर्चच्या भाडेकरारावर मत द्याल काय, आणि विज्ञानाचे पाठ्यपुस्तक कोणी निवडावे. उत्तरे सरळ आली तर माझे मत पास्टरला.

तिसरी घंटा

प्रश्न योग्य आहेत. चौथा माझा: निवडून आल्यावर टेबलावरच्या नामफलकावर केवळ नाव असेल, की त्याआधी ‘रेव्हरंड’ ही धर्मोपदेशकाची उपाधीही?