चेक ते इटालियन : सॉफ्टवेअरसाठी अनुवादक हवा आहे

वाटाड्या :
आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मूळ चेकमध्ये आहे, ते आता इटालियनमध्ये न्यायचंय. मेनू, एरर मेसेज आणि एक जाडजूड मॅन्युअल. एक एजन्सी म्हणते, आधी इंग्रजी करू, मग इटालियन, स्वस्त पडेल. थेट करणारं कुणी मिळतं का? कुठे शोधू?

कोशकीडा :
इंग्रजीमार्गे अजिबात जाऊ नका! चेकमध्ये आपल्यासारखंच तू-तुम्ही आहे, इटालियनमध्येही आहे. मधे इंग्रजी आली की तो भेद पुसला जातो आणि पुढचा माणूस अंदाजाने ठरवतो. मग निम्मे मेसेज ग्राहकाला अरे-तुरे करतात, निम्मे अहो-जाहो.
थेट करणारे थोडे आहेत, पण आहेत. मातृभाषा इटालियन असलेलाच बघा. इटलीतली आइती ही अनुवादकांची संघटना १९५० पासूनची, प्रागची जेटीपी १९९० ची. दोघांच्या साइटवर सदस्य शोधता येतात. प्रोझ या अनुवादकांच्या वेबसाइटवर भाषाजोडीबरोबर विषयही निवडता येतो.

दशमलव :
नमुना करून घ्याच, पण मॅन्युअलमधला सलग उतारा देऊ नका, तो बरेच जण निभावून नेतात. सुटे मेसेज द्या, त्यात एक आकडा येणारा असू द्या. चेकमध्ये २ ते ४ फाइलींना एक रूप, ५ पासून पुढे दुसरं. इटालियनमध्ये अनेकवचन एकच. म्हणून पीओ फाइलमध्ये (सॉफ्टवेअरचे मेसेज अनुवादासाठी ज्यात ठेवतात ती) चेकच्या तीन ओळी असतात, इटालियनला साधारणपणे दोन पुरतात. ज्याने असं काम केलंय तो लगेच त्याबद्दल विचारतो. नवखा तिन्ही ओळी मुकाट भरून पाठवतो.
बटणांचे स्क्रीनशॉट आणि अक्षरमर्यादाही सोबत द्या.

वाटाड्या :
खूप आभार, एजन्सीला नकार कळवतो. दराचं काय? एकाने पानावर सांगितला, दुसऱ्याने शब्दावर.

कोशकीडा :
पान म्हणजे किती, ते आधी विचारा. चेक लोकांचं नॉर्मोस्त्राना स्पेस धरून १८०० अक्षरांचं, इटलीतलं कार्तेल्ला बऱ्याचदा १५०० चं. शब्दावर असेल तर मोजणी मूळ मजकुराची की अनुवादाची? चेकमध्ये उपपदं (इंग्रजीतल्या a, the सारखी) नाहीत, इटालियनमध्ये आहेत, त्यामुळे शब्द वाढतात. दुसऱ्याकडून तपासणी दरात धरलीये का, हेही बघा. आयएसओ १७१०० या अनुवादसेवेच्या मानकानुसार ती लागतेच, आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरला मी ती कधीच सोडणार नाही.

दशमलव :
ट्रान्सलेशन मेमरीची, म्हणजे मूळ वाक्यं आणि त्यांचे अनुवाद जोडीने साठवलेली फाइल तुम्हालाच मिळेल, असं करारात लिहून घ्या. पुढच्या व्हर्जनला अनुवादक बदलला तरी जुनी वाक्यं हाताशी राहतील.