कंपाउंडच्या कृष्णकमळाची पानं कोण तोडतंय?

बी-३०२ ताई: पार्किंगमागचा कृष्णकमळाचा वेल निम्मा ओरबाडलाय. आमच्या सासूबाई त्याच पानांचा काढा रोज रात्री पितायत, नानांनी ग्रुपवर टाकलेल्या 'या पानांच्या काढ्यानं झोप लागते' या मेसेजमुळे, आणि डॉक्टरांची झोपेची गोळी पण चालूच. आज सकाळी तोल गेला, भिंत धरली म्हणून वाचल्या. असले मेसेज टाकायच्या आधी विचार करा, हात जोडून सांगते

ए-१०१ नाना: 🙏 ताई, काळजी घ्या. पण नैसर्गिक वस्तूचा अपाय नसतो.

सी-१०४ आबा: वेल मी लावलाय. सोसायटीनं पाणी तरी घातलं का कधी

सेक्रेटरी: आबा, पाण्याचा विषय मीटिंगमध्ये झालाय, इथे नको

बी-२०१ मेडिकलवाले भाऊ: नाना, मान ठेवून सांगतो. झोपेसाठी वापरतात तो पॅसिफ्लोरा इनकार्नाटा, मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. या कुळात ५०० च्या वर जाती आहेत न आपल्याकडे त्यातल्या दोन-तीन वेगवेगळ्या वेलांना कृष्णकमळच म्हणतात, काहींच्या पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. आपला कुठला ते फूल बघून ठरवू नका. आणि अस्सल असला तरी झोपेच्या गोळीसोबत नाही, दोन्हींनी गुंगी येते, म्हातारं माणूस पडतं. गरोदर बाईनं तर घेऊच नये

ए-१०१ नाना: होमिओपॅथीत याचेच थेंब मिळतात, मी घेतो. नैसर्गिक आहे, अपाय नसतो.

बी-२०१ मेडिकलवाले भाऊ: ते मोजून घेतात नाना, बाटलीवर नाव असतं. इथं मूठभर पानं उकळतायत. इराणमध्ये २००१ साली चाचणी झाली, ऑक्साझेपाम या चिंतेवरच्या गोळीच्या तोडीचा गुण दिसला, पण रुग्ण फक्त ३६. युरोपातही मान्यता आहे ती जुन्या वापरावर, आणि तीही किरकोळ ताण आणि झोपेपुरती

सी-३०३ दादा: नाना रात्री १ वाजता टीव्ही बंद केला तर अख्ख्या विंगला काढ्याशिवाय झोप लागेल 😂

ए-१०१ नाना: टीव्हीचा संबंध काय इथे?

ए-२०२ वहिनी: रविवारी कानबाईची पूजा आहे, फुलं कुठून आणायची आता? कौरव-पांडव मोजायला पोरं रोज तिथं उभी असतात

सी-३०३ दादा: आणि ते काटेरी सुरवंट? आमच्या पोराच्या मानेवर पडला

सेक्रेटरी: म्हणूनच गुरुवारी फवारणी केली. नोटीस बोर्डावर लावली होती.

बी-३०२ ताई: कसली फवारणी??? म्हणजे गुरुवारपासून आई औषध मारलेली पानं उकळून पितायत?

सेक्रेटरी: ताई, नोटीस होती...

बी-३०२ ताई: ७८ वर्षांच्या बाई बोर्ड वाचायला खाली येणार का?

ए-१०१ नाना: तेच म्हणतोय, वेल नैसर्गिकच आहे, फवारणीनं घात केला.

सी-१०४ आबा: कसाले भांडी राह्यनात भो! पहिले त्या माउलीले दवाखान्यात न्या

बी-२०१ मेडिकलवाले भाऊ: ताई, आत्ताच न्या. गोळ्यांचं पाकीट आणि वेलाची फांदी सोबत घ्या, फांदीला हातमोजे घालूनच हात लावा. सेक्रेटरी, फवारणीच्या बाटलीच्या लेबलचा फोटो लगेच टाका. आणि कोणीही पानं तोडू नका, पूजेलासुद्धा

सेक्रेटरी: वॉचमन फोटो काढतोय, २ मिनिटं

बी-३०२ ताई: नाना, तो मेसेज डिलीट करा प्लीज

ए-२०२ वहिनी: ताई, मी गाडी काढते, खाली या. ज्यांची पांढरी गाडी आमच्या मागे लावलीय त्यांनी लगेच हलवा