दिवाळीनंतरचं पुणे: सगळे महोत्सव डिसेंबर-जानेवारीतच का?

मुठाकाठ
तुळशीची लग्नं उरकली की पुण्यात कार्यक्रमांची झुंबड उडते. डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव, त्याच महिन्यात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव, जानेवारीत गाण्याचा वसंतोत्सव आणि पिफ हा चित्रपट महोत्सव. एकाच संध्याकाळी तीन ठिकाणी जावंसं वाटतं आणि एकाच ठिकाणी जाता येतं.

मला हे शहराच्या दृष्टीने वाईट वाटतं. प्रायोजकांचे पैसे, वर्तमानपत्रातली जागा, रसिकांच्या मोकळ्या संध्याकाळी, सगळं आठ-दहा आठवड्यांत खर्ची पडतं. मोठ्या मंचावर अजून न पोचलेल्या तिशीतल्या गायिकेने उरलेलं वर्ष कसं काढायचं? जुलैत तिने बैठक ठेवली तर पुढच्या दोन रांगा भरतात, त्याही नातेवाइकांनी.

पावसात लोक घराबाहेर पडत नाहीत, हे कारण मला मान्य नाही. एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून होतोय, तोही पावसाळ्यात, आणि तेव्हा भरत नाट्य मंदिर तुडुंब असतं.

षड्ज
असहमत. पुरुषोत्तमचं उदाहरण इथे लागू नाही. ती महाविद्यालयांची स्पर्धा, आपल्या संघाला ओरडून पाठिंबा द्यायला मुलं येतातच.

सवाई १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्व ऊर्फ रामभाऊ कुंदगोळकरांच्या स्मृतीसाठी सुरू केला. आज तो उघड्या मैदानावर मांडव घालून होतो. सवाईची सगळी गर्दी मावेल असं बंदिस्त सभागृह या शहरात नाही. मग मैदान हवं, आणि मैदान म्हटलं की कोरडी हवा हवी. पावसाळ्यात तंबोरा लावून ठेवला की अर्ध्या तासात उतरतो, तबल्याची शाई दमट होते. वाजवणाऱ्यांना विचारा.

आणि मोठ्या महोत्सवाने छोट्या बैठकीचा श्रोता पळवला, हे तर अजिबात पटत नाही. माझ्यासारखे कितीतरी जण भारतीय बैठकीच्या स्वस्त तिकिटावर सवाईत बसून ऐकायला शिकले. तिथूनच आम्ही बैठकींना जायला लागलो.

विंगेतला
मी नाटकाची प्रकाशयोजना करतो. माझा मुद्दा तारखांचा आहे. महापालिकेच्या नाट्यगृहात दिवसाला तीन सत्रं: साडेबारा, साडेपाच, साडेनऊ. नाटकाचं पोट शनिवार-रविवारच्या सत्रांवर चालतं. डिसेंबर-जानेवारीत त्याच वारांना गॅदरिंग, पुरस्कार सोहळे, सत्कार, ऑर्केस्ट्रा. बालगंधर्व रंगमंदिरात रविवार मिळावा म्हणून निर्माते तारखांच्या तिमाही वाटपात जीव काढतात. नवीन नाटकाला दिवाळीनंतर बुधवार मिळाला तर त्याचं भवितव्य तिथेच ठरतं. त्यामुळे मुठाकाठताईंना माझा पूर्ण पाठिंबा.

हलगी
ताई, हंगाम ही काय आजची गोष्ट नाही. आमच्या जुन्नर भागात तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात. चैत्रात गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या द्यायला माणसं नारायणगावच्या राहुट्यांवर येतात. पावसात फड घरी. पीक निघाल्यावर लोकांच्या हातात पैसा येतो, तेव्हाच करमणूक परवडते. शहरातही दिवाळीचा बोनस आणि सुट्टीला आलेली परदेशातली मुलं याच दिवसांत असतात. वर्षभर पातळ करून वाटलं तर कुणाचंच पोट भरायचं नाही.

मुठाकाठ
हलगीदादा, फडाचं बरोबर आहे, कारण त्यांना तंबू ठोकावा लागतो. मी सभागृहाबद्दल बोलतेय. आणि तुमच्याच दाखल्यातून पुढचा प्रश्न येतो: पावसाचे चार महिने फडातल्या कलावंतांनी काय खायचं? ते कसे काढतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

षड्ज, आता रागांचं बघा. मियाँ मल्हार, गौड मल्हार, मेघ हे पावसाचे राग डिसेंबरात कोण गातं? ज्या शहराला आपण संगीताचं शहर म्हणतो, तिथे मल्हाराच्या ऋतूत मोठा मंच बंद असतो. दुसरं, सवाई पूर्वी रात्रभर चालायचा. आता २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यात गणपती आणि नवरात्र आधी. दुपारी सुरुवात होत असल्याने मुलतानी, पटदीप हे दुपारचे राग ऐकायला मिळतात, याचा मला आनंदच आहे. पण रात्रीच्या दरबारीला निवांत वेळ नाही आणि पहाटेचा ललित तर गेलाच. आजचे वीस-बावीस वर्षांचे श्रोते ललित फक्त मोबाइलवर ऐकतात. हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

बंदिस्त सभागृहाला मात्र आतल्या आवाजापुरती त्या नियमात मोकळीक आहे. म्हणजे श्रावणातल्या शनिवारी, दारं लावून, रात्रभर बैठक करता येते. उघड्या मांडवात जे बंद झालं, ते आत होऊ शकतं.

षड्ज
ललितचं दुःख माझंही आहे. पण रात्रभराचा हिशेब करून बघा. सभागृहाचं भाडं, ध्वनिव्यवस्था, जागणारे कर्मचारी, चार कलाकारांचं मानधन. श्रोते तीनशे धरले तर तिकीट काय लावणार? आणि मध्यरात्री कंटाळलेला माणूस बस नसताना घरी कसा जाणार? सवाई हे पेलू शकला, कारण त्यामागे आर्य संगीत प्रसारक मंडळासारखी संस्था आणि भीमसेनजींचा शब्द होता. तुमच्या तिशीतल्या गायिकेमागे कोण आहे?

आकुर्डीकर
कुणीच अंतराबद्दल बोललं नाही. सवाई मुकुंदनगरला, नाटकं डेक्कनच्या आसपास, प्रायोगिक काही असेल तर शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचावर. आम्ही लाखो लोक नदीपलीकडे राहतो. मेट्रो स्वारगेटपर्यंत आल्यापासून जाणं सोपं झालं, पण भैरवी संपेपर्यंत थांबायचं की परतीची गाडी पकडायची, हा पेच दरवेळी असतो. महिने वाटण्याआधी ठिकाणं वाटा.

विंगेतला
षड्ज, रात्रभर नको, पहाट करा. साडेपाचला दिवाळी पहाट सभागृहात होते, लोक नटूनथटून येतात. मग आषाढात का नाही? साडेबाराच्या नाटकाच्या आधी सभागृह मोकळं असतं. नऊला आटपलं तरी आमचा सेट लागायला वेळ राहतो. ललित, भटियार, तोडी सगळं बसतं, आणि परतीला बस असते.

षड्ज
पहाटेचं गणित जमेल असं वाटतं. सवाई डिसेंबरातून हलवायला माझा विरोध कायम आहे.

मुठाकाठ
सवाई हलवा असं मी म्हटलंच नाही. नव्याने उभे राहणारे महोत्सव तरी त्याच महिन्यात घुसवू नका, एवढंच मागणं आहे.

आकुर्डीकर
आषाढ पहाट करणार असाल तर चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात करा. तिकिटं खपवायचं काम मी घेतो.