डिबगर स्क्रिप्टनं चालवायचा असेल तर ‘एक्स्पेक्ट’ला हात लावू नका

कोअर_डंप्या (धागाकर्ता)
नेहमीचा प्रश्न: रात्रीच्या टेस्टमध्ये सी प्लस प्लसचा एखादा प्रोग्रॅम अधूनमधून कोसळतो, आणि त्या क्षणी जीडीबीसमोर (चालता प्रोग्रॅम थांबवून आत डोकवायचं साधन, म्हणजे डिबगर) बसायला कुणी नसतं. मग काम स्क्रिप्टवर सोपवायचं ठरतं आणि सगळे एक्स्पेक्टकडे धावतात, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून माणसासारखी उत्तरं टाइप करणाऱ्या साधनाकडे. प्रॉम्प्टची वाट बघा, ‘रन’ पाठवा, परत वाट बघा, ‘बीटी’ (बॅकट्रेस, म्हणजे प्रोग्रॅम कोणकोणत्या फंक्शनमधून इथवर आला त्याची यादी) पाठवा.

माझं म्हणणं सरळ आहे. माणसाच्या डोळ्यांसाठी छापलेला मजकूर यंत्रानं वाचायचा नसतो. जीडीबी ८.३ पासून आउटपुटमध्ये रंगांचे एस्केप कोड (टर्मिनलसाठीच्या छुप्या खुणा) आले. रीडलाइन या ओळ टाइप करून घेणाऱ्या लायब्ररीच्या ८.१ आवृत्तीनं प्रॉम्प्टच्या आधी ब्रॅकेटेड पेस्टची (चिकटवलेला मजकूर वेगळा ओळखण्यासाठीची) अदृश्य अक्षरं घुसवली. जीडीबी १२ सुरुवातीलाच विचारायला लागला, ‘डीबगइन्फोडी (डिबगची माहिती सर्व्हरवरून आणणारी सेवा) चालू करू का?’ दरवेळी डिबगर ठणठणीत होता, मोडल्या त्या स्क्रिप्ट.

त्यात एक्स्पेक्टची वाट बघण्याची मुदत मुळात १० सेकंद. मोठ्या बायनरीची सिम्बॉल्स (फंक्शन आणि व्हेरिएबलची नावं) भरायला त्याहून जास्त वेळ सहज लागतो. मुदत संपली आणि त्यासाठी वेगळी कृती लिहिलेली नसली तर टीसीएल भाषेतला एक्स्पेक्ट तक्रार न करता पुढच्या ओळीवर जातो. तिथून प्रत्येक उत्तर एक पायरी मागे. ‘बीटी’चं म्हणून जे टिपलं जातं ते ‘रन’चं असतं.

त्यापेक्षा हे एका ओळीत होतं: जीडीबी -एनएक्स -बॅच -ईएक्स "रन" -ईएक्स "बीटी फुल" --आर्ग्स ./प्रोग्रॅम. ‘-बॅच’नं पानापानाला थांबणं बंद होतं, खात्री विचारणं बंद होतं आणि काम संपलं की डिबगर स्वतःहून बाहेर पडतो. ‘-एनएक्स’ विसरू नका, नाहीतर कुणाच्या तरी होम डिरेक्टरीतली जीडीबीइनिट फाइल मध्येच टपकते.

प्रॉम्प्टवाला
अहो, ज्या जीडीबीची वकिली करताय त्याच्या स्वतःच्या चाचण्या डेजाग्नू या चाचणी-चौकटीवर चालतात आणि डेजाग्नू उभा आहे एक्स्पेक्टवर. म्हणजे कर्त्यांना चालतं, आपल्याला चालत नाही?

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टींवर एकेका ओळीचा इलाज आहे. टर्मिनलचा प्रकार ‘डम्ब’ ठेवला की रंगही जातात आणि पेस्टची अक्षरंही. ‘सेट डीबगइन्फोडी एनेबल्ड ऑफ’ हे -आयईएक्सनं द्या, म्हणजे बायनरी वाचायच्या आधीच लागू होतं. ‘सेट हाइट ०’, ‘सेट विड्थ ०’ दिलं की पानापानाला थांबणं आणि ओळी मोडणं बंद. मुदत संपल्यावर काय करायचं ते लिहिलंच नसेल तर तो लिहिणाऱ्याचा आळस. एक्स्पेक्टचा त्यात काय दोष?

आणि बॅचचे खड्डे का नाही सांगितलेत? ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती खूण) अजून न भरलेल्या शेअर्ड लायब्ररीत लावला तर जीडीबी विचारतो, ‘पुढे लायब्ररी आल्यावर लावू का?’ बॅचमध्ये याचं उत्तर आपोआप ‘नाही’ धरलं जातं. ब्रेकपॉइंट लागत नाही, प्रोग्रॅम शेवटपर्यंत धावतो आणि लॉगमध्ये सगळं गोडगोड दिसतं.

कोअर_डंप्या
मान्य. ‘सेट ब्रेकपॉइंट पेंडिंग ऑन’ आधी द्यावं लागतं. वर लिहायला हवं होतं.

खटपट्या
बॅचवाल्यांसाठी आणखी दोन. लोक हमखास इथे आपटतात.

पहिलं, -ईएक्स आणि -एक्स यांत फरक आहे. -ईएक्सनं दिलेली एक कमांड चुकली तरी पुढची चालते. -एक्सनं दिलेल्या फाइलमध्ये मात्र चूक झाली की उरलेली फाइल तिथेच सोडली जाते. एक व्हेरिएबल त्या फ्रेममध्ये (त्या वेळच्या फंक्शनच्या कप्प्यात) नसलं आणि ‘प्रिंट’ चुकलं, की त्याखालचं ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ (सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस) कधी चालतच नाही. म्हणून महत्त्वाची कमांड वर, हौशी प्रिंट खाली.

दुसरं, काही जण -बॅचही वापरत नाहीत. कमांडची फाइल ‘<’ लावून जीडीबीच्या स्टँडर्ड इनपुटवर ओततात. प्रोग्रॅमही तेच इनपुट वाचतो. त्यानं एखादी ओळ मागितली की तुमची पुढची कमांड त्याच्या पोटात जाते. असं करायचंच असेल तर ‘रन < /डेव्ह/नल’ लिहा.

प्रॉम्प्टवाला
मुख्य मुद्दा अजून तसाच आहे. बॅच म्हणजे रुळावरची गाडी. प्रोग्रॅम कोसळला तर एक, नीट संपला तर दुसरं, हे ती कसं ठरवणार? नीट संपलेल्या प्रोग्रॅमवर ‘बीटी’ मारलं की ‘नो स्टॅक’ येतं आणि लॉग अशा कचऱ्यानं भरतो. समोरचं वाचून पुढची चाल ठरवायला एक्स्पेक्टच लागतं.

कोअर_डंप्या
नाही लागत. प्रोग्रॅम नीट संपला की जीडीबी ‘$_एक्झिटकोड’मध्ये त्याचा कोड ठेवतो. सिग्नलवर अडकून थांबला असेल तर ते व्हेरिएबल रिकामंच राहतं. कमांड फाइलमध्ये ‘रन’नंतर:

इफ $_इझव्हॉइड($_एक्झिटकोड)
थ्रेड अप्लाय ऑल बीटी
क्विट १
एंड
क्विट $_एक्झिटकोड

बाहेरच्या शेलला निकाल कळतो आणि मजकूर चाळावा लागत नाही. ‘-रिटर्न-चाइल्ड-रिझल्ट’ नावाचा तयार पर्यायही आहे, पण प्रोग्रॅमला संपूच दिलं नाही तर तो -१ देतो. शेलला ते २५५ दिसतं आणि क्रॅश होता की दुसरंच काही, हे कळत नाही. वरची पाच ओळींची अट बरी.

अजगर_मित्र
दोघंही २००९ च्या आधी अडकलात. त्या वर्षी आलेल्या जीडीबी ७.० पासून आत पायथन बसलेला आहे. ‘जीडीबी.ब्रेकपॉइंट’चा सबक्लास करा आणि त्यात ‘स्टॉप’ मेथड लिहा. ‘फॉल्स’ परत दिलं की प्रोग्रॅम पुढे जातो, ‘ट्रू’ दिलं की थांबतो. व्हेरिएबल मजकुरातून उकरायचं नाही. ‘रीड_व्हार’ थेट व्हॅल्यू देतं. ऑप्टिमायझरनं ती गिळली असेल तर ‘इझ_ऑप्टिमाइझ्ड_आउट’ विचारून कळतं. ते न विचारता ‘इंट’मध्ये बदलायला गेलात तर एरर.

दोन पथ्यं मात्र पाळा. ‘स्टॉप’ मेथडच्या आत ‘स्टेप’, ‘नेक्स्ट’, ‘कंटिन्यू’ यातलं काही चालवायचं नाही. तिथे फक्त बघायचं. थांबल्याच्या इव्हेंटवर काही हलवायचं असेल तर ते ‘पोस्ट_इव्हेंट’नं रांगेत टाका. आणि हा पायथन जीडीबी बांधताना जोडलेला असतो, तुमच्या व्हर्च्युअल एन्व्हमधला नसतो. तिथे बसवलेली पॅकेजेस त्याला दिसत नाहीत. अर्ध्या तक्रारींचं मूळ तेच.

शंकासुर
हा सगळा खटाटोप कशासाठी? ‘युलिमिट -सी अनलिमिटेड’ करा, कोअर फाइल (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) पडू द्या, सकाळी निवांत उघडा. डिबगरखाली चालवलं की जीडीबी मेमरीतल्या पत्त्यांचं रँडमायझेशन मुळातच बंद करतो. जो बग पत्त्यांवर अवलंबून आहे तो त्यामुळे कित्येकदा दिसेनासा होतो. रात्रभर डिबगरखाली पळवलं, एकदाही पडला नाही. बाहेर काढला, पडला.

कोअर_डंप्या
त्यावर ‘सेट डिसेबल-रँडमायझेशन ऑफ’ आहे. पण शंकासुर, क्रॅशपुरतं तुमचं पटतं. फक्त कंटेनरमध्ये चालवत असाल तर कोअर कुठे पडायचं ते होस्टच्या कर्नलची ‘कोअर_पॅटर्न’ सेटिंग ठरवते, कंटेनरमध्ये वेगळी ठेवता येत नाही. तिथे ‘|’नं सुरू होणारी ओळ असेल तर फाइल तुमच्या डिरेक्टरीत शोधून उपयोग नाही, ती थेट दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हातात जाते.

डेडलॉकचं काय? लटकलेला प्रोग्रॅम आपणहून कोअर टाकत नाही. तिथे ‘जीडीबी -पी’ आणि प्रोसेस क्रमांक, पुढे -बॅच आणि ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’. असा जोडलेला जीडीबी जाताना प्रोसेसला मारत नाही, सोडून देतो. मात्र सिम्बॉल्स भरेपर्यंत ती प्रोसेस गोठलेली असते; हार्टबीटची मुदत तेवढ्यात संपली तर बाकीची यंत्रणा तिला मेलेली समजेल.

खटपट्या
आणि ते जोडणंच कित्येकदा नाकारलं जातं. लिनक्स कर्नलच्या यामा या सुरक्षा मॉड्यूलची ‘पीट्रेस_स्कोप’ सेटिंग १ असेल (उबंटूवर मुळात तीच असते) तर साध्या युजरला फक्त आपल्या वंशातल्या प्रोसेसना जोडता येतं. टेस्ट रनरनं प्रोग्रॅम आणि जीडीबी दोन्ही स्वतः सुरू केले तर ती भावंडं झाली, बापलेक नव्हेत. म्हणून ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’.

यंत्रभाषी
एमआय (मशीन इंटरफेस, जीडीबीची यंत्रांसाठीची भाषा) हा शब्द अजून कुणी काढला नाही! बाहेरून डिबगर चालवायला तो अधिकृत दरवाजा आहे. इंटरप्रिटर ‘एमआय३’ देऊन सुरू करा. कमांडआधी लिहिलेला आकडा उत्तराच्या पुढेही येतो, म्हणजे कोणतं उत्तर कशाचं यात गोंधळ नाही. ‘^डन’ आलं की झालं, ‘^एरर’ आलं की फसलं. ‘^रनिंग’चा अर्थ मात्र प्रोग्रॅम सुटला एवढाच, थांबल्याची बातमी नंतर ‘*स्टॉप्ड’नं येते, कारणासकट. नवखे ‘^रनिंग’लाच शेवट समजतात.

प्रॉम्प्टवाला
बॅकट्रेससाठी पार्सर लिहायचा? डास मारायला तोफ. एडिटर जोडणाऱ्यांनी वापरावा. त्यांच्यासाठीही जीडीबी १४ मध्ये डीएपी (एडिटर आणि डिबगर यांच्यातला प्रोटोकॉल) आलंय.

बरं, लिनक्सच्या बाहेर या. ओपनओसीडी या चिप डिबग करायच्या साधनानं बोर्ड जोडलाय, ४४४४ पोर्टवर टेलनेट आहे. तिथे ना तुमचं -बॅच, ना पायथन. करा आता एक्स्पेक्टशिवाय.

यंत्रभाषी
४४४४ माणसांसाठी आहे. त्याच ओपनओसीडीचा ६६६६ पोर्ट स्क्रिप्टसाठी आहे. टीसीएलची कमांड पाठवा, शेवटी ०x१ए हा एक बाइट लावा. उत्तराच्या शेवटीही तोच बाइट येतो. प्रॉम्प्ट नाही, इको नाही. आणि जीडीबीच हवा असेल तर ३३३३ वर ‘टार्गेट रिमोट’ करून -बॅच आणि पायथन दोन्ही चालतात. फक्त ‘रिमोटटाइमआउट’ मुळात २ सेकंद असतो, संथ अडॅप्टरवर तो वाढवा.

प्रॉम्प्टवाला
६६६६ चं घेतो. पण त्याच बोर्डच्या सीरियल केबलवर यू-बूट हा बूटलोडर ‘कुठलीही की दाबा’ म्हणत उलटी मोजणी करतो, तिथे कोणता पोर्ट देणार?

कोअर_डंप्या
तिथे एक्स्पेक्ट. शीर्षकात ‘डिबगर’ लिहिलंय, बूटलोडर नाही.