२०१६ साल आपल्याकडं कसं गेलं? मराठवाड्यातल्यांनी सांगा

लातूरची_लेक
नमस्कार सगळ्यांना. आमच्या कॉलेजच्या भित्तिपत्रकाला यंदा २०१६ हा विषय आहे, दहा वर्षं झाली म्हणून. त्या वर्षी भारतात काय घडलं, काय गाजलं ते लिहायचंय. नेटवर शोधलं की सगळीकडं तेच ते येतंय, नोटाबंदी, सर्जिकल स्ट्राइक, सिंधूचं सिल्व्हर, जिओ, दंगल. ते खरंच आहे, पण मी तेव्हा तिसरीत होते आणि मला आठवतं ते म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक ड्रमला साखळी आणि कुलूप, आणि रात्री टँकर आला की आई आम्हा दोघी बहिणींना झोपेतून उठवून घागरींच्या रांगेत उभं करायची. हे कुठल्याच यादीत नाही. तर मोठ्या लोकांनी सांगा ना, देशाच्या त्या बातम्या आपल्या घरात कशा पोचल्या? तारखा माहीत असतील तर त्या पण द्या, मॅडम तारखा तपासतात.

बारावी_सोळाची
ताई मी सांगते, मी त्या वर्षी बारावीला होते आणि लातूरलाच क्लाससाठी राहत होते. फेब्रुवारीपासूनच होस्टेलवर आंघोळीला एक बादली, मग एका दिवसाआड एक बादली, मेसवाल्या काकूंनी ताटं बंद करून पत्रावळ्या सुरू केल्या कारण भांडी घासायला पाणी कुठून आणणार. मार्चमध्ये पाणी भरायच्या टाक्यांपाशी १४४ कलम लावलं, पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. पाण्याच्या टाकीपाशी जमावबंदी! गावाकडं फोनवर सांगितलं तर आजीला पटेना.

मग १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला १० टँकर-वॅगन, म्हणजे साधारण ५ लाख लिटर, नंतर ५० वॅगनची गाडी यायला लागली. जलदूत नाव होतं तिचं. दिल्ली-मुंबईचे टीव्हीवाले सगळे लातूर स्टेशनात. आमच्या रूमवरच्या तिघी बघायला गेल्या, मी नाही गेले, माझी रिव्हिजन चालू होती.

आणि आता ते सांगते जे कुठल्याच यादीत सापडत नाही. २८ एप्रिलला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की मेडिकलला नीटच (सगळ्या देशाची एकच प्रवेश परीक्षा) लागणार, आणि पहिली नीट १ मेला! मधे दोन दिवस. आम्ही दोन वर्षं राज्याच्या सीईटीचा अभ्यास केलेला, ती ५ मेला होती, बारावीच्या स्टेट बोर्डाच्या पुस्तकावर, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नव्हते. नीट म्हणजे अकरावी-बारावी दोन्ही, सीबीएसईच्या धर्तीवर, निगेटिव्ह मार्किंग, आणि पेपर इंग्रजी नाहीतर हिंदीत, मराठीतून पेपर पुढच्या वर्षी सुरू झाला. १ मेला ज्यांनी भरलं नव्हतं त्यांना २४ जुलैला दुसरी नीट. त्या रात्री होस्टेलवर कुणी जेवलं नाही. पोरी जिन्यात बसून रडत होत्या, वडलांना फोन लावायलेत आणि वडील विचारायलेत म्हणजे आता काय गं, आणि काय ते पोरींनाच कळेना. शेवटी २४ मेला अध्यादेश निघाला आणि राज्याच्या सरकारी कोट्याच्या जागा त्या वर्षापुरत्या सीईटीवर राहिल्या. माझं ॲडमिशन त्यातूनच झालं, आज मी उदगीरजवळ पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टर आहे. पण तो एक महिना, पाणी नाही आणि परीक्षा कुठली तेही नक्की नाही, तो मला अजून स्वप्नात येतो.

सोनपेठकर
सैराटचं कुणीच बोललं नाही अजून? २९ एप्रिल, शुक्रवार. म्हणजे वरच्या ताईंचा निकाल गुरुवारी आणि पिक्चर दुसऱ्या दिवशी 🙂 आम्ही परभणीला टेम्पो करून गेलो, गावातले वीस-बावीस जण, त्यात माझी आई आणि दोन चुलत्या, ज्या कैक वर्षं टॉकीजमध्ये गेल्या नव्हत्या. झिंगाट लागलं की लोक पडद्यापुढं जाऊन नाचायचे हे सगळ्यांनी लिहिलंय, पण मला ती शांतता आठवते. पिक्चर संपला आणि टॉकीजभर कुणी उठेना, येताना टेम्पोत पण कुणी बोललं नाही. मधेच एक चुलती म्हणली, "असं आपल्याकडं बी झालतं". आणि गप्प बसली. कुठं, कुणाचं, ते आजवर कुणी विचारलं नाही. नागराज मंजुळे करमाळ्याकडचे, रिंकू अकलूजची, बोलायची भाषा आपल्याला जवळची, पडद्यावर पहिल्यांदा कुणी आपल्यासारखं बोलतंय असं वाटलं. त्या वर्षी गणपतीत दुसरं गाणं वाजलंच नाही म्हणा ना.

क्रिकेट पण लिही ताई. ३१ मार्चला वानखेडेवर वेस्ट इंडीजकडून टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची सेमीफायनल हरलो, सिमन्स दोनदा आउट झाला आणि दोन्ही वेळा नो बॉल. आणि दुष्काळामुळं हायकोर्टानं ३० एप्रिलनंतरच्या आयपीएलच्या मॅच महाराष्ट्राबाहेर न्यायला लावल्या. आमच्या पारावर यावरून लई भांडणं, निम्मे म्हणायचे बरं झालं, निम्मे म्हणायचे त्यानं काय आपल्या विहिरीला पाणी येणारय का. मी बरं झालं म्हणणाऱ्यांत होतो आणि अजून तेच म्हणतो. हापशाला हंडे लावून बायका बसल्यात आणि तिकडं मैदानावर पाणी मारायचं हे बघवत नव्हतं.

मोंढ्यातला
लेकी, मी सेलूकडचा, शेती पण आहे आणि मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) मुनीम म्हणून बरीच वर्षं काढली. तू घटना वेगवेगळ्या लिहू नकोस, ओळीनं लिही. कारण आपल्याला ते वर्ष ओळीनंच बसलं. आधी तीन वर्षं पाऊस दगा देत आलेला, २०१४ आणि २०१५ तर कोरडीच. जनावरं छावणीत, बायकोचे दागिने सोनाराकडं. मग सप्टेंबरच्या शेवटी असा पाऊस झाला की ओढे-नाले फुटले, मांजरा धरण जे मातीची भेगाळलेली जमीन झालं होतं ते भरलं. शेतातलं उभं सोयाबीन काही जणांचं भिजून काळं पडलं, तरी माणसं खूश होती, म्हणायची जाऊ दे, विहिरीला पाणी आलं, आता हरभरा-गहू होतोय. दिवाळी ३० ऑक्टोबरला. किती वर्षांनी लेकरांना नवे कपडे घेतले.

आणि ८ नोव्हेंबर, मंगळवार, रात्री आठ, नोटाबंदी. लोकांच्या हातात सोयाबीनचे पैसे नुकते आलेले, सगळे पाचशे-हजारात. दुसऱ्या दिवशी मोंढा बंद, आणि तो नुसता एक दिवस नाही. माल घेऊन आलेल्या बैलगाड्या, टेम्पो तसेच उभे. शेतकऱ्याचं खातं कुठं, तर जिल्हा बँकेत, आणि १४ नोव्हेंबरपासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी आली. म्हणजे ज्या बँकेत त्याचं सगळं आयुष्य गेलं तीच त्याचे पैसे घेईना. पेरणी तर थांबत नाही, हरभऱ्याचं बी पाहिजे, जमिनीतली वल (ओल) उडून चालली. २१ नोव्हेंबरला सरकारनं सांगितलं की सरकारी केंद्रावर पाचशेच्या जुन्या नोटेवर बी मिळंल, तोवर निम्म्यांनी उधारीत किंवा घरचंच बी पेरलेलं. आम्ही पट्टीवर (माल विकल्याच्या हिशेबाच्या पावतीवर) चेक द्यायला लागलो, म्हातारी माणसं चेक उलटापालटा करून बघायची आणि विचारायची, "मुनीमजी, ह्याचं किराणा दुकानात काय येतंय?" मला उत्तर देता यायचं नाही.

पहिल्या सहामाहीत पाणी नव्हतं, आणि पाणी आलं तेव्हा पैसा गोठला. तुरीचं तर पीक इतकं आलं की पुढच्या वर्षी केंद्रावर बारदाना संपला, पण ती २०१७ ची गोष्ट, तिकडं जात नाही.

पैठणगेट
मोर्चा राहिला. मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा आपल्या औरंगाबादलाच (आताचं छत्रपती संभाजीनगर), क्रांती चौकातून, ९ ऑगस्ट. जुलैत कोपर्डीला मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, त्यानंतर. कुणी नेता पुढं नाही, मुली पुढं, घोषणा नाही. मी तेव्हा दुकानाच्या पायरीवर उभा होतो, एवढी माणसं आणि फक्त चपलांचा आवाज. मागून पोरं रस्त्यावरच्या बाटल्या उचलत चालली होती.

ऑलिम्पिकमध्ये सिंधू, साक्षीबरोबर दत्तू भोकनळचं पण नाव टाक, तो नाशिक जिल्ह्यातला चांदवडचा, विहिरी खोदणारा पोरगा, रिओत रोइंगमध्ये १३ वा आला. मेडल नाही म्हणून यादीत नसतो. आणि जिओ ५ सप्टेंबरला सुरू झालं, डिसेंबरपर्यंत फुकट. नोटाबंदीत बँकेच्या रांगेत सगळी पोरं त्याच फुकट नेटवर पिक्चर बघत उभी.

लातूरची_लेक
बाप रे. सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं. काकांचं ऐकून महिन्यांच्या ओळीनंच लिहिते. डॉक्टर ताई, तुमचा नीटचा भाग तुमच्याच शब्दांत घेऊ का, नाव न टाकता? आणि काका, त्या वेळची एखादी पट्टी असेल का तुमच्याकडं?

बारावी_सोळाची
घे की. सीईटीचं हॉलतिकीट पण आहे माझ्याकडं, नंबर झाकून फोटो टाकते.

मोंढ्यातला
आहे. १० नोव्हेंबरची कोरी पट्टी आहे, तारीख टाकली होती आणि माल उतरलाच नाही. उद्या माळ्यावरून काढतो.